हेलियममधील बाराखडी

वरुणतळ वसाहतीच्या शाळेत सात मुले होती आणि त्यांपैकी एकालाही ‘आई’ हा शब्द ऐकून लिहिता येत नव्हता.

मुले मंद होती असे मुळीच नाही. त्यांच्यातली सर्वांत मोठी मेहर मुकादम सहा वर्षांची होती आणि तिने बुद्धिबळात आपल्या वडिलांना दोनदा हरवले होते. पाच वर्षांचा तनुज पाण्याकडे उघडणाऱ्या दाबदाराच्या बारा झडपा कोणत्या क्रमाने उघडतात हे न चुकता सांगत असे. परंतु वर्गाच्या भिंतीतल्या बोलफळ्याने ‘आई’ म्हटले की सातही पाट्यांवर पहिले अक्षर ‘ओ’ उमटे. दुसऱ्या अक्षराच्या जागी कोणी मनाला येईल ते लिही, कोणी मोकळी जागा सोडी. ‘मासा’ म्हटले की ‘मोशो’. दोन वर्षे हेच चालले होते.

वरुणतळ ही वसाहत देवगडच्या किनाऱ्यापासून सव्वाशे किलोमीटर आत, समुद्राच्या पृष्ठभागाखाली एकशेवीस मीटरवर होती. वर पाण्यावर तरंगणाऱ्या पवनचक्क्या, खाली त्यांचे नांगर, आणि त्या नांगरांची देखभाल करणारी अडतीस माणसे. वसाहतीतला वायुदाब बाहेरच्या पाण्याइतकाच, म्हणजे जमिनीवरच्या तेरापट ठेवलेला असे. त्यामुळे माणसांना केव्हाही पाण्यात उतरता येई. मात्र वर जायचे म्हटले तर दाबकुपीत पाच दिवस बसून दाब हळूहळू उतरवावा लागे. म्हणून कुटुंबे तीन-तीन वर्षांच्या कराराने येत. सातांपैकी दोन मुले तिथेच जन्मली होती आणि बाकीची पाळण्यात असताना उतरली होती.

इतक्या दाबाखाली साधी हवा श्वासात घेतली तर तिच्यातला नायट्रोजन दारूसारखा चढतो. यासाठी वसाहतीच्या हवेत दोन तृतीयांश हेलियम मिसळलेला होता. हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकासारखा होतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्यावर वसाहतीने उपाय केला होता. प्रत्येक प्रौढाच्या कानात त्याच्या मापाचा एक स्वरसमायोजक बसवलेला असे. तो भोवतालचे बोलणे पकडून, जमिनीवरच्या मापाला आणून, कानात सोडी. अधिकृत नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला ‘कानखडा’ म्हणत. सात वर्षांखालच्या मुलांना मात्र खडा देत नसत, कारण त्यांचा कान वाढत असतो आणि तीन महिन्यांत साचा सैल होतो.

मुलांची परीक्षा किनाऱ्यावरील बालशिक्षण मंडळ तारेवरून, याच बोलफळ्यातून घेई. लागोपाठ दोन वर्षांचे शून्य गुण पाहून मंडळाचे परीक्षक दिगंबर आजगावकर यांनी निष्कर्ष काढला की अतिदाबामुळे बालमेंदूतील ध्वनिविवेक खुंटतो. निष्कर्षापाठोपाठ आदेश आला: ऑक्टोबरातील श्रुतलेखन परीक्षेत मुले अनुत्तीर्ण झाली, तर पाच वर्षे पूर्ण केलेल्या सर्व मुलांना वरच्या वसतिगृहात हलवावे. वसाहतप्रमुख डॉ. पद्माकर सरंजामे यांनी आदेशाखाली सही केली. मेहरची आई रुबिना नांगरपथकाची प्रमुख होती आणि वडील इम्तियाज वसाहतीचे ध्वनी-अभियंता. दोघांच्या कराराची आणखी दोन वर्षे उरली होती. ती दोन वर्षे मेहरला त्यांच्याशिवाय काढावी लागणार होती.

शेवटचा प्रयत्न म्हणून जून महिन्यात एक शिक्षिका खाली पाठवण्यात आल्या. त्यांचे नाव वैजयंती परुळेकर. वेंगुर्ले तालुक्यात सत्तावीस वर्षे त्यांनी पहिलीच शिकवली होती. दुसरी मागण्याची त्यांना कधी इच्छाच झाली नव्हती.

दाबकुपीतून बाहेर पडताच इम्तियाजने त्यांच्या कानाचा साचा घेतला आणि त्यांच्या हातात एक पाटी दिली. तीवर लिहिले होते: ‘दोन दिवस मौन. साचा घट्ट होईपर्यंत विश्रांती घ्यावी. कोणाचेच बोलणे कळणार नाही.’

ही वसाहतीची जुनी पद्धत होती. नवा माणूस आला की दोन दिवस खोलीत झोपून काढी, जेवण दाराशी येई आणि तिसऱ्या दिवशी कानात खडा घालून तो माणसांत येई. याला ‘मौनाचे दिवस’ म्हणत. त्या दोन दिवसांत ऐकण्यासारखे काही असेल, असे वसाहतीच्या सहा वर्षांत कोणालाच वाटले नव्हते.

बाईंनी पाटीवर लिहिले, ‘मुलांना खडा नाही ना? मग त्यांना जे ऐकू येतं ते आज मलाही येईल. वर्गावर जाते.’

इम्तियाजने लिहिले, ‘तशी पद्धत नाही.’

बाईंनी ते वाक्य पदराने पुसले, पाटी त्याला परत केली आणि शाळेची वाट धरली.

वर्गात सात मुले सात चिमण्यांच्या आवाजात बोलत होती. बाईंना एक शब्दही लागेना. त्यांनी नमस्कार केला. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना हसू आले, मुलांना मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मग बोलफळा सुरू झाला. भिंतीतून स्वच्छ, खर्जातला, अगदी वेंगुर्ल्याच्या शाळेत शोभेल असा आवाज आला: “आ. आईचा आ.” आणि त्या ओळखीच्या आवाजाने सातही मुलांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांनी मेहरला जवळ बोलावले, स्वतः तोंड उघडून ‘आ’ म्हटले आणि तिला पाटी दाखवली. मेहरने क्षणाचाही विचार न करता ‘आ’ लिहिला. बाईंनी बोलफळ्याचे बटण दाबले. फळा म्हणाला, “आ.” मेहरने ‘ओ’ लिहिला आणि बाईंकडे अशा नजरेने पाहिले, की यात न समजण्यासारखे काय आहे.

तिसऱ्या दिवशी खडा तयार झाला. बाईंनी तो घेतला तो प्रयोगशाळेत, एका संभाषणापुरता.

“मुकादम, वर्गातल्या फळ्याचा आवाज तुम्ही कधी ऐकलात?”

“रोज ऐकतो, बाई. तो मीच बसवला आहे.”

“खडा काढून?”

इम्तियाज हातातले काम थांबवून म्हणाला, “फळ्याचा आवाज तारेने थेट खड्यात येतो. आधी हवेत सोडायचा, मग हवेतून पकडून दुरुस्त करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?”

“म्हणजे नाही ऐकलात.”

“नाही.”

“दोन वर्षांत एकदाही?”

“झोपताना खडा काढतो. पण फळा तेव्हा बंद असतो.”

“मग आता काढा. मी ‘आ’ म्हणेन, नंतर ही फळ्यासारखीच बोलणारी पेटी म्हणेल. दोन्ही एक वाटतात का सांगा.”

इम्तियाजने खडा काढून मेजावर ठेवला. बाई ‘आ’ म्हणाल्या. पेटी ‘आ’ म्हणाली. त्याने पुन्हा खूण केली. बाई म्हणाल्या, पेटी म्हणाली. तिसऱ्या वेळी तो खुर्चीवर बसला आणि त्याने दोन्ही आवाजांचे स्वरालेख शेजारी शेजारी पडद्यावर घेतले. मग खडा कानात घातला.

“रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली, तर बाटली ज्या सुरात घुमते तो बाटलीच्या आकारावर ठरतो, हे तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत आहे.”

“आणि बाटलीतल्या वायूवरही ठरतो. माणसाचं तोंड म्हणजे अशीच बाटली. गळ्यातली कंपनं तीच राहतात, पण तोंडातला घुमारा वायूप्रमाणे बदलतो. आपल्या इथल्या वायूत आवाज जमिनीवरच्या एक पूर्णांक चौसष्ट शतांश पट वेगाने धावतो. त्यामुळे घुमाऱ्याची सगळी शिखरं तितक्याच पटीने वर सरकतात. ‘आ’ची दोन शिखरं जमिनीवर साधारण सातशेवर आणि बाराशेवर. इथे अकराशे पन्नास आणि एकोणीसशे सत्तर.”

“आणि पेटीला तोंड नाही.”

“बरोबर. पेटीचा पडदा तारेतून येईल तसाच हलतो. तिला वायूचं सोयरसुतक नाही. ती इथेही सातशे-बाराशेच म्हणणार. मुलांनी जन्मापासून माणसांचीच तोंडं ऐकली, सगळी हेलियममधली. त्यांच्या मोजपट्टीवर सातशे-बाराशे म्हणजे…” त्याने भागाकार केला आणि बोट आलेखावर टेकवले. “म्हणजे ‘ओ’. अगदी बिनचूक ‘ओ’. ‘स’चा सगळा सळसळाट खाली येऊन ‘श’च्या घरात बसतो. आणि जमिनीवरची ‘ई’ कुठल्याच स्वराच्या घरात बसत नाही.”

“म्हणून जागा मोकळी सोडतात. प्रामाणिक मुलं आहेत.”

इम्तियाजने आलेखावरचे बोट काढून घेतले. “दोन वर्षं त्यांनी ऐकलं तेच लिहिलं. माझ्या मुलीला मठ्ठ ठरवणारं यंत्र मीच भिंतीत बसवलं, बाई.”

“मठ्ठ ठरवणारे वर बसलेत. तुम्ही नुसता भोंगा बसवलात. आता पुढचं बोला.”

“पुढचं सोपं आहे. फळ्याचा आवाज एक पूर्णांक चौसष्ट पटीने चढवतो. दुपारपर्यंत होईल.”

“नको.”

“का?”

“परीक्षा तारेवरून होणार. तो आवाज जमिनीवरचाच असणार आणि त्याला हात लावला तर मंडळ म्हणेल, कॉपी केली. शिवाय ही मुलं उद्या वर जातील, लग्नाला, दवाखान्याला. तिथे काय, पुन्हा पहिलीत बसवायची?” बाईंनी मेजावरचा एक कागद ओढून त्यावर पाच ओळी लिहिल्या: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. “तुमचा फळा अक्षरं कुठल्या क्रमाने शिकवतो?”

“जी अक्षरं भाषेत जास्त वेळा येतात ती आधी. मंडळाच्या संगणकाने काढलेला क्रम आहे.”

“आणि हा क्रम कशाचा आहे?”

इम्तियाजने ओठ हलवत पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला त्याचा वेग मंदावला. “जागांचा,” तो म्हणाला. “घसा, टाळू, टाळूचा माथा, दात, ओठ. आतून बाहेर येतो.”

“यात आवाजाबद्दल काही आहे?”

“नाही. फक्त जीभ कुठे आहे, ओठ काय करतात.”

“वायू बदलला की जीभ जागा बदलते?”

“नाही बदलत.” तो हसू लागला. “ज्यांनी हा क्रम लावला त्यांना हेलियम माहीत नव्हता, बाई.”

“त्यांना तोंड माहीत होतं,” बाई म्हणाल्या, खडा काढून त्यांनी पदराच्या टोकात बांधला आणि वर्गावर गेल्या.

त्या दिवसापासून बोलफळा बंद राहिला. बाईंनी सात छोटे आरसे मागवले. मुले आरशासमोर तोंड उघडून बसू लागली. ‘क’ म्हणताना जीभ कुठे अडते ते बोटाने दाखवायचे. ‘प’ आणि ‘फ’ यांतला फरक ओठांपुढे कागदाची पट्टी धरून पाहायचा. कोणाची पट्टी जास्त उडते यावर तनुज आणि ओवी नावाच्या मुलीत रोज वाद होई. ‘ग’ला गळा थरथरतो, ‘क’ला थरथरत नाही, हे एकमेकांच्या गळ्यावर हात ठेवून तपासायचे. ‘ण’ची जागा शोधताना तनुजला शिंक आली आणि त्या दिवशी वर्गाला ‘ण’ कायमचा पाठ झाला.

बाई कानात खडा घालत नसत. पहिला महिनाभर त्याही मुलांइतक्याच अडखळल्या. “बाई, तुम्हाला कमी ऐकू येतं का?” ओवीने एकदा विचारले. बाई म्हणाल्या, “मी नवीन आहे. मलाही पहिलीतच समज.” मुलांना हे फार आवडले. त्यानंतर बाई चुकल्या की सातही जण त्यांना जिभेची जागा दाखवीत.

ऑगस्टमध्ये इम्तियाजने एक खेळ तयार केला. त्याचे पूर्वीचे ध्वनिमुद्रित बोलणे तो पेटीतून वेगवेगळ्या वायूंच्या मापाने ऐकवी: कधी जमिनीवरची हवा, कधी जड अरगॉन, कधी शुद्ध हेलियम. आधी पेटी स्वर क्रमाने म्हणे, म्हणजे नव्या आवाजाची मोजपट्टी मुलांच्या हाती येई. मग एक वाक्य. मुलांनी ते लिहायचे.

“अब्बा, हा कोण?” अरगॉनमधला आवाज ऐकून मेहरने विचारले.

“मीच.”

“हा तुम्ही नाही. हा तुमचा काका असेल. जाडा.”

पण वाक्य तिने बरोबर लिहिले. एकदा ‘अ’पासून ‘औ’पर्यंत कोणाचाही आवाज ऐकला, की पुढे तो मुलांना परका राहत नसे. आवाज कसाही येवो, तो आवाज काढताना तोंड कसे झाले असेल एवढेच त्यांना शोधायचे असे, आणि तोंडाचा नकाशा त्यांना पाठ होता. सप्टेंबरअखेर जोडाक्षरे संपली.

परीक्षेआधी बाईंनी मंडळाला सविस्तर पत्र लिहिले. त्यात स्वरालेख जोडले, भागाकार करून दाखवला आणि शेवटी लिहिले: ‘मुलांचे ऐकणे बिघडलेले नाही. तुमचा आवाज त्यांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता, इतकेच.’

उत्तर तीन ओळींचे आले. यंत्रावर खापर फोडणे ही जुनी सबब असल्याचे मंडळाचे मत होते. तरीही संशयाला जागा नको म्हणून परीक्षक स्वतः खाली येऊन, कोणत्याही यंत्राच्या मदतीविना, समक्ष परीक्षा घेतील.

“तारेवरची परीक्षाच रद्द,” इम्तियाज म्हणाला. “माझा अरगॉन फुकट गेला.”

“गेला नाही. मुलं त्यावर महिनाभर हसली,” बाई म्हणाल्या.

दिगंबर आजगावकर उतरले तेव्हा त्यांच्यासोबत मोहोरबंद पाकीट होते आणि परतीच्या पाच दिवसांसाठी वाचायला चार जाड पुस्तके. साठीला टेकलेले, उंच, अतिशय काटेकोर गृहस्थ. कानाचा साचा घेऊ देण्यास त्यांनी नकार दिला. मौनाच्या दिवसांची पाटी त्यांनी वाचली, खिशातून पेन काढून ‘दिवस’ या शब्दातला उलटा पडलेला वेलांटीचा फाटा दुरुस्त केला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी परीक्षा ठेवली.

परीक्षागृहाच्या दाराशी त्यांनी एक तबक ठेवले. लेखनसाहित्याखेरीज कोणतेही साधन आत नेण्यास मनाई होती. डॉ. सरंजामे आत येऊ लागताच आजगावकरांनी त्यांच्या कानाकडे आणि मग तबकाकडे बोट दाखवले. खडा काढून हातात धरत सरंजामे काहीतरी बोलले. आजगावकरांना अर्थातच ते कळले नाही. त्यांनी मेहरला पाटी पुढे केली. तिने लिहिले: ‘काका म्हणतात, हा माझा चष्मा आहे असं समजा.’

“चष्मा चालेल,” आजगावकर म्हणाले. “खडा चालणार नाही.”

मेहरने हेही लिहून सरंजाम्यांना दाखवले. ही तत्परता पाहून आजगावकर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. पण परीक्षा सुरू व्हायची होती.

सरंजाम्यांची उपस्थिती नियमानुसार आवश्यक होती. मंडळाच्या श्रुतलेखनात संस्थेचा प्रमुख शेवटच्या बाकावर बसून मुलांबरोबरच लिहितो. या प्रतीला साक्षीप्रत म्हणतात. वाचन मागच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू गेले, याचा तो पुरावा असतो. वर्गशिक्षिकेला साक्षीप्रत लिहिता येत नाही. सरंजामे गुडघे पोटाशी घेऊन छोट्या बाकावर बसले. बाई आणि इम्तियाज दाराबाहेर काचेपाशी उभे राहिले. रुबिना पाण्यातून तशीच ओल्या केसांनी आली होती. तिने इम्तियाजचा दंड घट्ट धरला.

आजगावकरांनी पाकीट फोडले आणि स्वतःच्या चिरक्या आवाजाला न बिचकता पहिले वाक्य वाचले: “आजीने अंगणात तुळस लावली.”

सात पेन्सिली चालू लागल्या. तनुजची थांबली. त्याने पाटी वर धरली: ‘अंगण म्हणजे काय?’

“परीक्षेत प्रश्न विचारू नयेत,” आजगावकर म्हणाले. मग थोडे थांबून, “घरापुढची मोकळी जागा.”

‘दाबदाराच्या बाहेर?’ तनुजने लिहिले.

“साधारण तसंच,” आजगावकर म्हणाले आणि त्यांनी दुसरे वाक्य घेतले.

अशी दहा वाक्ये झाली. कागद गोळा करून त्यांनी तिथेच तपासले. सात कागदांत मिळून नऊ चुका निघाल्या, सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. “इतक्या माझ्या कचेरीतही होतात,” ते पुटपुटले. मग त्यांनी साक्षीप्रत उचलली.

दहांपैकी सहा ओळी कोऱ्या होत्या. उरलेल्या चारांतल्या पहिलीत ‘आजी’ तेवढी ओळखू येत होती. ती काय करते आहे, याचा पत्ता लागत नव्हता.

आजगावकरांनी एका हातात मेहरचा कागद घेतला, दुसऱ्या हातात वसाहतप्रमुखांचा, आणि दार उघडून सर्वांना आत बोलावले. सरंजाम्यांनी आधी तबकातला खडा कानात घातला.

“माझा निष्कर्ष असा होता,” आजगावकर सावकाश म्हणाले, “की इथे राहिल्याने ध्वनिविवेक खुंटतो. तो इतका खरा असेल असं वाटलं नव्हतं. फक्त माणसं चुकली. साहेब, तुम्हाला वर पाठवावं लागेल.”

सरंजामे भराभर बोलू लागले. मेहर पाटीवर लिहू लागली. मध्ये तिने पेन्सिल थांबवली, सरंजाम्यांकडे पाहिले, एक शब्द गाळला आणि पुढे लिहून पाटी आजगावकरांना दिली: ‘माझं ऐकणं बिघडलेलं नाही. हा आवाज मी यापूर्वी कधी ऐकलाच नव्हता.’

आजगावकरांनी ते दोनदा वाचले. मग ते बाईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा काटेकोरपणा ढळला नाही, पण आवाज खाली आला. “हेच वाक्य तुम्ही मला मुलांबद्दल लिहिलं होतं. मी ते सबब समजलो.”

बाईंनी मान डोलावली. त्यांना वादात रस नव्हता, त्या सरंजाम्यांना म्हणाल्या, “साहेब, एक विचारू? खड्यांची वीज गेली तर?”

“राखीव खडे आहेत.”

“ते भारायची वीज गेली तर?”

उत्तर इम्तियाजने दिले. “तर आपल्या एकूण माणसांत एकमेकांचं बोलणं समजणाऱ्या आठ व्यक्ती उरतील. बाई आणि ही सात मुलं. आग लागली, पाणी शिरलं, तरी बाकीचे खुणा करत राहतील.”

सरंजामे खाली वाकून छोट्या बाकाच्या कडेवर बसले. सहा वर्षे त्यांनी वसाहतीतल्या प्रत्येक झडपेला पर्यायी झडप ठेवली होती.

त्याच दुपारी आजगावकरांनी अहवाल करायला घेतला. तो त्यांना स्वतः लिहिता आला असता. पण त्यांनी मेहरला शेजारी बसवले, तिच्यापुढे मंडळाच्या शिक्क्याचे कागद ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. अहवालच पुरावा झाला, तर परिशिष्टे जोडावी लागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. मेहरची अक्षरे मोठी असल्याने एका पानाच्या मजकुराला पाच पाने लागली. पहिले कलम: सातही मुले उत्तीर्ण. दुसरे: स्थलांतराचा आदेश रद्द. हे लिहिताना मेहरने मान वर करून दाराकडे पाहिले; दारात रुबिना उभी होती आणि तिने ‘पुढे लिही’ अशी खूण केली. मेहरने मग पुढची ओळ आखली.

तिसरे कलम चालू असताना सरंजामे सही करायला आले आणि तिच्या खांद्यावरून वाचू लागले: ‘वसाहतीतील सर्व अडतीस प्रौढांची नावे पहिलीच्या हजेरीपटात घालावीत. प्रारंभ वसाहतप्रमुखांपासून करावा. श्रीमती परुळेकर यांची नेमणूक दोन वर्षांनी वाढवावी.’

“मेहर,” सरंजामे हळूच म्हणाले, “ते मधलं वाक्य गाळ बघू. प्रारंभाचं.”

“काका, श्रुतलेखनात गाळायचं नसतं.”

“सकाळी माझा एक शब्द गाळलास ना?”

“तो वाईट होता.”

सरंजाम्यांनी पेन उघडून सही केली. मेहरने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. शेवटी तो त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, “हे वाचता येत नाही. खाली नीट लिहा.”

आजगावकर खिडकीबाहेरचे मासे पाहू लागले. डॉ. पद्माकर सरंजामे यांनी कानातला खडा काढून मेजावर ठेवला. मग एक बोट ओठांवर टेकवून, स्वतःचा चिरका आवाज ऐकत, त्यांनी ‘प’ म्हटले आणि ‘प’ लिहिला.